काटोल-उमरेडकडे जुनं घर घेताय? नमुना 8 वर भुलू नका

नागपूरबाहेर लहान गावात घर बघायला गेलं की विकणारा आधी ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि टॅक्स पावत्यांची गड्डी पुढे करतो. हा मालकीचा पुरावा नव्हे, नुसती कर आकारणीची नोंद. पटवाऱ्याकडचा 8-अ आणखी वेगळा: तो जमिनीचा खातेउतारा. नावं इतकी सारखी की पहिल्यांदा मीही एकाच्या जागी दुसरा घेऊन वकिलाकडे गेलो होतो.

मालकी बघायची ती आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्ड). ती भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळते. गावठाणाचा सर्व्हे पूर्वी झाला नसेल, तर 2020 पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन पत्रिका तयार झाली का, ते विचारा. लेआउटमधला प्लॉट असेल तर सातबारा, बिनशेती आदेश आणि मंजूर नकाशा, तिन्ही हवेत. पत्रिकेवरचा सत्ताप्रकाराचा, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धरली आहे त्याचा, रकाना सोडू नका. आपल्या भागात नझूलची जागा बरीच. म्हणजे जमीन सरकारची, घरवाल्याकडे पट्टा. पट्ट्याची मुदत आणि हस्तांतरणाच्या अटी वाचल्याशिवाय इसार देऊ नये.

घर किंवा बिनशेती प्लॉट कोणालाही घेता येतो. शेतजमिनीचं तसं नाही. विदर्भाला 1958 चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा लागू आहे. शेतकरी नसाल तर परवानगी लागते. त्यामुळे ‘शेतातला प्लॉट, स्वस्तात’ म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार.

सगळ्यात जास्त वेळ वारसांत जातो. आम्ही पाहिलेल्या घराच्या पत्रिकेवर वारलेल्या आजोबांचंच नाव होतं. विकणारा नातू म्हणे, ‘घर माझंच आहे ना.’ त्याच्या तीन आत्या, त्यातली एक पांढुर्ण्याला. वारस फेरफार (नोंदीत वारसांची नावं चढवणं) होऊन तिघींच्या सह्या मिळेपर्यंत आमची रजिस्ट्री अडून राहिली. शिवाय दाखवलेली सांदवाडी (घरालगतची मोकळी जागा) कागदावर शेजाऱ्याची निघाली. चतुःसीमा वाचून स्वतः टेप लावा. शंका राहिली तर सरकारी मोजणीचा अर्ज करा.

जुने व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक 2 मध्ये (इंडेक्स टू, नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) दिसतात. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. मग विक्रीपत्र. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर आणि ठरलेली किंमत यांत जे जास्त त्यावर लागतं. घर बाईच्या नावाने घेतलं तर एक टक्का सवलत. नोंदणी फी एक टक्का, कमाल 30,000 रुपये. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदणी व्हायला हवी. दोन्हीकडचे आधार, पॅन आणि दोन ओळखदार सोबत न्या. रोख 20,000 च्या आतच.

रजिस्ट्री झाली म्हणजे नाव चढलं असं नाही. सातबाऱ्याच्या जागेत फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आखीव पत्रिकेची नोंद भूमी अभिलेखकडे. टॅक्सला नाव त्यानंतर. विजेच्या मीटरची थकबाकी मात्र इसाराआधीच बघून घ्या.