कीटकनाशके, मेंदू आणि जीवनसत्त्वे: या आशेची पार्श्वभूमी

जीवनसत्त्वे घेतली की कीटकनाशकांच्या माऱ्यापासून मेंदू वाचेल, अशी आशा बातम्यांतून दिसते. ती आली कुठून? बरीच कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात आणि ती यंत्रणा मुळाशी आपल्यासारखीच चालते. 1936 साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नव्या कीटकनाशकाच्या शोधात असताना त्यांच्या हाती टाबुन लागले. ते इतके जहाल निघाले की युद्धास्त्र ठरले. त्याच ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातले पॅराथिऑन पुढे शेतात आले. ही विषे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे नसांमधला इशारा थांबवणारे विकर (एन्झाइम) बंद पाडतात. मग नसांना मिळालेला इशारा थांबतच नाही: लाळ, घाम, झटके, शेवटी श्वास बंद.

अनेक वर्षे धोका म्हणजे एवढीच तीव्र विषबाधा, असे धरले गेले. माणूस वाचला की बरा झाला! हा समज डळमळला तो शेतीशी संबंध नसलेल्या एका घटनेने. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेले काही तरुण अचानक पार्किन्सनच्या, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या, रुग्णांसारखे ताठरले. विल्यम लँग्स्टन आणि सहकाऱ्यांनी दोषी पदार्थ शोधला: एमपीटीपी. शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या विषाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती होती. 2000 मध्ये रोटेनोन हे कीटकनाशक दिलेल्या उंदरांमध्येही मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरताना दिसल्या; पार्किन्सनमध्ये याच पेशी मरतात. रोटेनोन पेशीतली ऊर्जानिर्मितीची साखळी अडवते. पॅराक्वाटचा मार्ग वेगळा, पण दोन्हींमुळे मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, वाढतात. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, प्राणवायूचा वापर सुमारे 20 टक्के, शिवाय सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या मेदाम्लांचा मोठा साठा. त्यामुळे हा मारा तिथे फार झोंबतो.

जीवनसत्त्वांचे नाव इथे पुढे आले. ई जीवनसत्त्वाचा शोध 1922 चा, तोही उंदरांच्या प्रजननावरच्या अभ्यासातून. मुक्त मूलकांशी त्याचे नाते नंतर उलगडले: ते पेशीपटलातल्या मेदाच्या ऑक्सिडीकरणाची साखळी तोडते आणि क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावते. प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांत ही जीवनसत्त्वे दिल्यावर मेंदूतली हानी कमी झाली. मात्र तिथे ती बहुधा विषाच्या आधी किंवा विषासोबतच दिलेली असतात, हे बातम्यांत हरवते आणि मला ते गंभीर वाटते. बंद पडलेले विकर जीवनसत्त्वाने मोकळे होत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध आणि तातडीचे उपचारच लागतात.

माणसांवरची मोठी चाचणी पार्किन्सनच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या 800 रुग्णांवर झाली. काहींना रोज 2000 युनिट ई जीवनसत्त्व दिले गेले. 1993 मध्ये निकाल आला: आजाराचा वेग कमी झाला नाही. आजार होण्याआधी फवारणाऱ्याला ते वाचवू शकते का, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता.

दरम्यान 2011 च्या एका अमेरिकी अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांमध्ये पार्किन्सनचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. युरोपीय संघात पॅराक्वाटची परवानगी 2007 मध्येच न्यायालयाने रद्द केली होती. 2012 मध्ये फ्रान्सने कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा व्यवसायजन्य आजार मानला.