घोड्याचे पाय आणि स्वाराचा मृत्यू

‘अश्वारूढ पुतळ्यातील घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार धारातीर्थी पडला, एकच उचललेला असेल तर जखमांमुळे दगावला आणि चारही जमिनीवर असतील तर त्याला नैसर्गिक मृत्यू आला’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. काही पुतळे योगायोगाने त्यात बसतात, म्हणून तो पटतोही. पण असा सर्वमान्य संकेत शिल्पकलेत नाही.

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा मूळ कांस्यपुतळा रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. घोड्याचा पुढचा उजवा पाय उचललेला आहे, पण सम्राट इ. स. 180 मध्ये आजाराने वारला. त्या खुराखाली पूर्वी पराभूत शत्रूची आकृती होती, असे मध्ययुगीन वर्णन आहे; ते खरे असेल, तर उचललेला पाय विजयच सांगतो.

माद्रिदमधील चौथ्या फिलिपचा पुतळा तर निर्णायक पुरावा ठरतो. घोडा दोन पायांवर उभा आहे. पुतळा 1640 चा आणि राजाचा मृत्यू 1665 चा. जिवंत माणसाचे मरण शिल्पकार कसे सांगणार? अवजड धातूचा तोल मागच्या पायांवर व शेपटीवर पेलणे हेच तिथले खरे, थक्क करणारे कौशल्य आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये झेपावणाऱ्या घोड्यावर बसलेला पीटर द ग्रेटही 1725 मध्ये आजारानेच गेला.

पडताळणी सोपी आहे: चौथऱ्यावरचे नाव टिपावे, विश्वकोशात मृत्यूचे कारण पाहावे, पुतळा कधी घडवला तेही तपासावे आणि मग घोड्याचे पाय पाहावेत.