पार्श्वभूमी : बार्देशची बंद घरे आणि म्हापशाचा जुन्या सामानाचा व्यापारी

उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, म्हापशात, जुन्या सामानाच्या दुकानात शिसवी पलंग, पितळी घंगाळे, चिनी मातीची भांडी कुठून येतात, हे समजायला वारसा कायद्यापासून सुरुवात करावी लागते. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 साली लागू झाली. मुलगा-मुलगी समान वारस, आणि निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव. हा कायदा न्यायाचा आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण घर काही तुकडे करून वाटता येत नाही. त्यात वारस पांगलेले: पूर्वी मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका, पुढे आखात, अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंड. वाटणी रखडते, कौले सरकतात, दोन पावसाळ्यांत वासे वाळवी खाते. मग कुणीतरी व्यापाऱ्याला निरोप धाडतो.

तो बहुधा याच मुलखातला असतो. त्याच घरात लहानपणी चवथीला किंवा फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, जेवलेला. म्हणून तर त्याला आतल्या खोलीपर्यंत नेतात. 'घरे लुटणारा' ही त्याच्यावरची टीका मला अन्यायाची वाटते. त्याने उचलले नसते, तर बरेचसे सरपणात गेले असते.

शिंपल्यांच्या खिडक्यांचेच बघा. काच दुर्मीळ होती तेव्हा पातळ, दुधी शिंपले चौकोनी कापून लाकडी खाचांत सरकवत. ऊन आत यायचे, पण डोळ्यांना लागायचे नाही. हे शिंपले झुआरी नदीच्या काठी चिखलीजवळ आजही आहेत, पण 2001 पासून त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे एक तावदान फुटले, की मोडलेल्या घराची खिडकी शोधण्यावाचून इलाज नाही.

गिऱ्हाईकही बदलले. 1961 नंतर हळूहळू पर्यटक, मग हॉटेले, आणि आता आसगाव-मयड्याला घरे घेणारे दिल्ली-मुंबईकर. हळदोण्याच्या जुन्या घराचे दार आसगावच्या नव्या बंगल्याला लागते. 1972 च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, तेव्हा निदान माल देशात तरी राहतो.

वाटणीच्या दाव्यात, म्हणजे इन्व्हेंटारीत, जंगम सामानाची यादी असते. त्यातले काय कुणाकडे गेले, ते मात्र व्यापाऱ्याच्याच डोक्यात. हे व्यापारी आता थकलेत. त्यांना भेटून, यादी समोर ठेवून, हे लिहून घ्यायला आताच सुरुवात व्हायला हवी.