डासांनी निवडलेले पक्षी

हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकापूर्वी डासच नव्हते. १८२६च्या सुमारास जहाजांवरच्या पाण्यातून क्युलेक्स डास तिथे पोचला. आपल्याकडे गटारांत वाढणारा, हत्तीरोग पसरवणारा तोच हा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्ष्यांचा मलेरिया आला (माणसांना होतो तो वेगळा). या रोगाशी कधी गाठच न पडलेल्या, फक्त हवाईतच आढळणाऱ्या हनीक्रीपर पक्ष्यांची दैना उडाली. पन्नासहून अधिक जातींपैकी आज जेमतेम १७ उरल्या आहेत. अर्थात जंगलतोड आणि उंदीर यांचाही त्यात वाटा आहे. प्रयोगात रोगी डास एकदाच चावला, तरी इइवी या लालभडक हनीक्रीपरांपैकी दहातले नऊ दगावले. बहुतेक जाती डोंगरावर, साधारण १५०० मीटरच्या वर तगल्या, कारण गारव्यात डासाच्या अंगात मलेरियाचा परजीवी वाढत नाही.

अपवाद अमाकिहीचा. हिरवट पिवळा, चिमणीहून लहान. या बेटांतल्या सगळ्यांत मोठ्या, हवाई याच नावाच्या बेटाच्या आग्नेयेला, सखल जंगलांत डास बारमाही असतात. १९९०च्या दशकापासून नेमकी तिथेच त्याची संख्या वाढताना दिसली. डोंगरावरून उतरून आला असेल? संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांशी डीएनए ताडून पाहिला, तेव्हा खालच्या पक्ष्यांत वरच्यांकडे नसलेल्या जनुकीय खुणा सापडल्या. म्हणजे हे साथीतून वाचलेल्यांचेच वंशज.

त्यांना मलेरिया होत नाही असे मुळीच नाही. बहुतेकांच्या रक्तात परजीवी कायम असतो. तो अंगावर वागवत पक्षी गातो, अंडी घालतो. डोंगरावरच्या त्याच्या भाऊबंदांना मात्र तोच रोग झेपत नाही.

रोगाने पक्ष्यांना हे बळ दिले, असे सर्रास लिहिले जाते. ते पटत नाही. रोग फक्त निवड करतो, आणि तीही आधीपासून असलेल्या विविधतेतून. २०१९मध्ये १२५ अमाकिहींची जनुके तपासली, तेव्हा सखल भागातल्या वेगवेगळ्या गटांत निवडीच्या खुणा वेगवेगळ्या जनुकांवर दिसल्या. जनुके मात्र प्रतिकारशक्तीच्या त्याच त्या घराण्यांतली. शिवाय पक्षी मूठभर उरले की कोणते जनुक टिकेल हे बरेचसे नशिबावर असते, उपयोगाचे जनुकही निसटते. नशिबाची खूण कोणती आणि निवडीची कोणती, हे वेगळे काढण्यातच संशोधकांचा खरा कस लागतो.

तापमान वाढते तसे डास वर सरकताहेत. काउआई बेटाचे डोंगर मुळातच ठेंगणे. तिथल्या अकिकिकी या हनीक्रीपरला वर पळायला जागा नाही आणि निवड होण्याइतके पक्षीही उरलेले नाहीत. माउई बेटावर २०२३पासून वोल्बाकिया जीवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत. त्यांच्याशी जुळलेल्या जंगली माद्यांची अंडी उबत नाहीत.