गुन्ह्याच्या दिवशी वय 18 पेक्षा कमी होतं? अर्ज कुठे, कागद कोणते

अटकेच्या कागदावर वय पडतं ते बहुतेकदा तोंडी सांगितलेलं. ‘19’ असं एकदा लिहिलं गेलं की पोरगं मोठ्यांच्या तुरुंगात. ते दुरुस्त करायची सोय बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 9(2) मध्ये आहे आणि तिला मुदत नाही. रिमांडला, खटल्यात, अपिलात, अगदी शिक्षा कायम झाल्यावरही प्रकरण असेल त्या कोर्टात अर्ज करता येतो. वय मोजायचं ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. अर्जदार आज पन्नाशीचा का असेना.

खरी लढाई कागदांची. कलम 94 मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून 15 दिवसांत. आधार या यादीत नाही. नोटरीचं प्रतिज्ञापत्र तर कलम 9(2) नेच बाद केलंय, तरी लोक आधी स्टॅम्प पेपरच आणतात!

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदीची साक्षांकित प्रत घ्या. ‘1 जून’ दिसलं तर दचकू नका, जुन्या गुरुजींनी निम्म्या वर्गाला तीच तारीख लावलेली असते. सरकारी वकील त्यावर बोट ठेवणारच, म्हणून जन्मनोंदही हाताशी असू द्या. नावही ताडून पाहा. पुण्यातल्या 1994 च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेल्या एकाचं शाळेतलं नाव वेगळं होतं. राजस्थानातल्या त्या शाळेच्या नोंदीवरून त्याचं तेव्हाचं वय साडेबारा वर्षं ठरलं आणि मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तोवर 28 वर्षं आत गेली होती.

कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा.

दावा मान्य झाला की प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि कोर्टाने दिलेली शिक्षा निष्प्रभ ठरते. 16 ते 18 वयोगट आणि अतिगंभीर गुन्हा असेल तर मात्र मंडळ आधी प्राथमिक मूल्यमापन करतं, म्हणजे त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का ते तपासतं. चौकशी चालू असेपर्यंत मुलाला तुरुंगाऐवजी सुरक्षित स्थळी ठेवावं, ही मागणी त्याच अर्जात लिहायला विसरू नका.