धर्मश्रद्धा आणि युद्ध (कोकण किनारा)

सतराव्या-अठराव्या शतकांत कोकण किनाऱ्यावर मराठे, जंजिऱ्याचे सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज एकमेकांशी लढले. या लढायांना सरसकट धर्मयुद्धे म्हणणे चूक आहे आणि धर्माचा त्यांच्याशी संबंधच नव्हता म्हणणे त्याहून चूक. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान सरदार होता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू करताना मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली. खडकावर कोरलेले गणपती आणि चंद्र-सूर्य तिथे आजही दिसतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणेश पंचायतन आहे आणि त्याच तटाच्या आत हाजी कमालुद्दीनचा दर्गाही आहे.

श्रद्धेचा पहिला उपयोग पंचांगाचा. मृग लागण्याआधी गलबते किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली जात. श्रावणी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्या खुला झाला असे मानत नसत. जमिनीवरची मोहीम दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने सुरू होई. त्याआधी खंडेनवमीला हत्यारे पुसून पुजायची. पूजेच्या निमित्ताने गंजलेली पाती आणि सैल मुठी नजरेस येत, हा फायदा लहान नव्हता. उशिरा सुरू झालेल्या वेढ्याला मात्र हेच पंचांग जाचे: पावसाआधी वेढलेले ठाणे पडले नाही तर दलदलीत मोर्चे (तोफा लावायच्या जागा) टिकत नसत आणि तोफांची दारू भिजे.

‘कौल’ या शब्दाला इथे दोन अर्थ आहेत. एक कौल देवाचा. गुरव सोवळ्याने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतो, गावकर गाऱ्हाणे घालतो, मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी जास्त झाले तर कळ्या आपोआप घसरतात, कमी झाले तर चिकटतच नाहीत. काहीच पडले नाही तर प्रश्न बदलून पुन्हा विचारतात. दुसरा कौल राजाचा, म्हणजे शरण येणाऱ्याला किंवा युद्धात परागंदा झालेल्या रयतेला दिलेले अभयपत्र. असा कौल हाती आल्याशिवाय उजाड गावात नांगर पुन्हा धरला जात नसे.

तह बेलभंडाराने पक्का होई. ताटात बेलाची पाने आणि भंडारा ठेवून तो हाती घेत अटी उच्चारायच्या. मुसलमान सरदार कुराणाची शपथ घेत. तह मोडला तर दाद मागायला वरचे न्यायालय नव्हते, म्हणून ही शपथक्रिया लागे. धोका असे तो किल्ल्याचा दरवाजा उघडल्यापासून ठरलेली माणसे सुखरूप बाहेर पडेपर्यंतच्या काही तासांत.

श्रद्धा दुखावली की जुने राजकीय भांडण किती पेटते, हे परशुराम प्रकरणात दिसते. चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाचे ब्रह्मेंद्रस्वामी बाजीरावाचे आणि आंग्र्यांचे गुरू; त्यांना पेढे आणि आंबडस ही गावे इनाम मिळाली होती ती जंजिऱ्याच्या सिद्दीकडूनच. पुढे सावनूरहून येणाऱ्या एका हत्तीवरून बखेडा झाला. तो हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी अडकवला आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचा गोवळकोट किल्ल्यावरचा अंमलदार सिद्दी सात याने दोष स्वामींवर ठेवला. १७२७ च्या महाशिवरात्रीला त्याने देवस्थान लुटले. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि पत्रांमागून पत्रे लिहून सिद्दीवरच्या मोहिमेचा आग्रह धरत राहिले. १७३३ च्या मोहिमेत रायगड परत मिळाला, पण जंजिरा पडला नाही: पुरेसे आरमार नव्हते, त्यातच सेखोजी आंग्रे वारला आणि सरदारांत एकमत नव्हते. गुरूंच्या आज्ञेने ही उणीव भरून निघणारी नव्हती. सिद्दी सात १९ एप्रिल १७३६ रोजी चिमाजी अप्पाच्या फौजेशी लढताना पडला. गोवळकोट आणि अंजनवेल १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्याने घेतले आणि त्यांची नावे गोविंदगड व गोपाळगड ठेवली.

वसईच्या मोहिमेमागे (१७३७-३९) उत्तर कोकणातील हिंदूंची पोर्तुगीज धर्मसत्तेविरुद्धची तक्रार होती, तशीच साष्टीच्या महसुलाची आणि खाड्यांच्या ताब्याची गरजही होती. चिमाजी अप्पाने वज्रेश्वरीला नवस केला. तो फेडण्यासाठी बांधलेल्या देवळाला किल्ल्यासारखा तट आहे. वसईचा तट पाडला मात्र सुरुंगांनी. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. खिंडारात शिरलेल्या मराठ्यांवरच ते उशिरा फुटले आणि माणसे गाडली गेली. मे १७३९ मध्ये शरणागती झाली, तेव्हा पोर्तुगीजांना शस्त्रांसह सन्मानाने जाऊ दिले. चर्चच्या घंटा लूट म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे; वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत. ही चित्रे कोणी घासून काढली नाहीत.