सिमवालं घ्यावं की वाय-फायवालं? यंत्र घेण्याआधी एवढं वाचा

दुकानात येणारे बहुतेक जण पहिलं विचारतात ते हे: "सिमवालं आहे का?" विहिरीवरचा पंप घरबसल्या चालू-बंद करायचा असो, कोल्ड रूमचं तापमान मोबाइलवर हवं असो, की मुंबईत राहून गावच्या बंद घरावर लक्ष ठेवायचं असो, सिम घातलं की काम झालं असं वाटतं. कधीकधी होतंही. पण आमच्या मते नेटवर्क सगळ्यात शेवटी ठरवावं. यंत्राला काय कळवायचं आहे, किती वेळा, कुठून, आणि त्याला वीज कुठून मिळणार, ही चार उत्तरं हातात आली की निवडायला फारसं काही उरतच नाही.

आधी हिशेब

टाकीतली पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी पाठवायची, तर एका निरोपाला २० बाइट पुष्कळ झाले. दिवसाचे ९६ निरोप, म्हणजे दोन हजार बाइटही भरत नाहीत. याउलट २ एमबीपीएसवर चोवीस तास चालणारा एकच कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी ओढतो. तेव्हा तुम्हाला फक्त कॅमेरे हवे असतील तर पुढचं बरंचसं सोडून दिलंत तरी चालेल. फायबर घ्या आणि जमेल तिथवर केबलच ओढा.

घर, दुकान, लहान हॉटेल

इथे वाय-फाय स्वस्त आणि सोयीचं. फक्त घेताना एक बघा: वाय-फायचे दोन पट्टे असतात, आणि बाजारातली बरीच स्मार्ट यंत्रं त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ वर नाही. नवा राउटर दोन्हींना एकच नाव देतो, आणि मग यंत्र जोडताना ॲप नुसतं गोल गोल फिरत राहतं. राउटरमध्ये २.४ला वेगळं नाव दिलं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भिंती जाड असतात. अशा दोन भिंती ओलांडल्या की सिग्नल दमतो, आणि जुलैत त्या पाणी प्यायल्या की आणखी दमतो. यंत्र जिथे बसणार तिथे मोबाइल धरून कुठल्याही वाय-फाय ॲपमध्ये सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा. उणे ६७ डीबीएमच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे ८०च्या खाली असेल तर मधल्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पुढे देणारा डबा, लागेल.

हॉटेलवाल्यांना एक सूचना. पाहुण्यांच्या वाय-फायवर नाव-नंबर मागणारं पान उघडतं. ते पान सेन्सरला भरता येत नाही. शिवाय सीझन संपला की तुम्ही पासवर्ड बदलता, आणि सगळे सेन्सर एका रात्रीत मुके होतात. यंत्रांसाठी वेगळं नेटवर्क काढा आणि त्याचा पासवर्ड कुणालाही सांगू नका, मॅनेजरच्या भाच्यालासुद्धा.

आता कोल्ड रूम. मासळीवाले आणि आइस्क्रीमवाले यांनी हे नीट वाचावं. तापमानाचा अलार्म खरा लागतो तो वीज गेल्यावर, आणि वीज गेली की राउटरही बंद पडतो. सेन्सरला बॅटरी आहे, पण निरोप न्यायला कुणी नाही. म्हणून राउटर आणि फायबरचा डबा या दोघांनाही छोटा यूपीएस लावल्याशिवाय आम्ही असा अलार्म बसवून देत नाही. दुसरं, कोल्ड रूमच्या पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. आत ठेवलेल्या वायरलेस सेन्सरचा आवाज त्या पेटीतच कोंडतो. दाराच्या चौकटीजवळून बारीक वायर आत घ्यायची, टोकाला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी, ठेवायचा आणि यंत्र बाहेर भिंतीवर लावायचं, एवढाच उपाय.

ब्लूटूथ एका खोलीपुरतं ठीक. झिगबी या दुसऱ्या वायरलेस पद्धतीची यंत्रं एकमेकांचे निरोप पुढे ढकलतात, त्यामुळे मोठ्या घरातल्या दिव्या-पंख्यांना चांगली, पण मधे सगळ्यांना जोडणारा एक हब लागतो. ही पुढे ढकलायची कामगिरी विजेवर चालणारी यंत्रं करतात, बॅटरीवरची नाहीत.

कुळागर, बागायत, खाजन

इथे वाय-फायचा उपयोग नाही, आणि सिम हे एकच उत्तरही नाही. समजा घर वर रस्त्याला लागून आहे, विहीर आणि पंप खाली व्हाळाजवळ, मधे पोफळी, केळी, माडांवर चढलेली मिरी, आणि मातीतल्या ओलाव्याचे सहा सेन्सर हवे आहेत. सहा सेन्सरना सहा सिम घातली तर सहा रिचार्ज आले, आणि खालच्या दरडीत मोबाइलला रेंज असेलच असंही नाही. अशा जागेला लोरा बरं, म्हणजे कमी विजेत छोटे निरोप लांबवर नेणारी रेडिओ पद्धत. घराच्या छपरावर एक गेटवे, म्हणजे सेन्सरचे निरोप घेऊन इंटरनेटवर टाकणारा डबा, त्याला घरचंच इंटरनेट, आणि खालचे सगळे सेन्सर बॅटरीवर त्याच्याशी बोलतात. भारतात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. तो ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे दर सेन्सरचं मासिक भाडं नाही.

जाहिरातीत मात्र लोराचा पल्ला पंधरा किलोमीटर लिहिलेला असतो. तो डोंगरावरून डोंगरावर, मधे काही नसताना. दाट कुळागरात किलोमीटरभर मिळाला तरी आम्ही खूश असतो. पाऊस स्वतः या लहरींना फारसा अडवत नाही, अडवतात ती भिजलेली पानं.

सिग्नल कमी पडला तर सेन्सर गप्प बसत नाही, तो हळू बोलू लागतो, आणि खरा खर्च तिथे आहे. तोच २० बाइटचा निरोप गेटवे चांगला ऐकू येत असेल तर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात जातो. सगळ्यात हळू चालीत त्याला सुमारे १.८ सेकंद लागतात. म्हणजे दर निरोपाला पाठवण्याची वीज सुमारे पंचवीसपट. पाच वर्षं चालेल म्हणून घेतलेली बॅटरी दुसऱ्या पावसाळ्यातच का संपली, याचं उत्तर बहुधा यात असतं. महागडा सेन्सर घेण्याऐवजी गेटवेचा अँटेना दोन मीटर वर चढवणं स्वस्त पडतं. वर चढवलात तर अर्थिंग आणि विजेचा झटका जमिनीत सोडणारा सर्ज अरेस्टर हवेतच. मे अखेरच्या विजा अँटेनाची किंमत विचारत नाहीत.

लोरावर पंप चालू-बंदही करता येतो, पण बॅटरीवरचं यंत्र स्वतः काही पाठवल्यावरच क्षणभर ऐकतं. पंपाच्या पॅनेलला वीज असतेच, म्हणून तिथे सतत ऐकणारं, क्लास सीचं यंत्र घ्या.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर) पाण्याची पातळी मोजायची असेल तर हाच मार्ग, फक्त पेटी प्लास्टिकची, आणि स्क्रू स्टेनलेसचे, तेही ३१६ प्रतीचे. खाऱ्या वाऱ्यात बाकीचे टिकत नाहीत.

मग सिम कुठे?

एकटाच पंप, जवळ घर नाही, इंटरनेट नाही: तिथे सिम. फिरतं वाहन: तिथेही सिमच.

मिस्ड कॉलवर पंप चालू-बंद करणारे स्वस्त मोबाइल स्टार्टर अजून बरेचसे टू-जीचे येतात. त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. आज नवीन घेणार असाल तर फोर-जी कॅट-वनचं (यंत्रांसाठीच्या कमी वेगाच्या फोर-जीचं) घ्या, थोडं महाग पडलं तरी. एनबी-आयओटी हा यंत्रांसाठीचा, कमी विजेचा मोबाइल नेटवर्कचा प्रकार बॅटरीवरच्या मीटरसाठी उत्तम आहे, तळघरापर्यंत पोहोचतो. पण तो तुमच्या जागेवर मिळतो की नाही हे कंपनीगणिक बदलतं, आणि धावत्या गाडीसाठी तो बनवलेलाच नाही.

घरातलं जुनं सिम यंत्रात घालू नका. रिचार्ज संपल्याचा मेसेज ज्या फोनवर यायला हवा तो फोनच नसतो. यंत्रांसाठी वेगळी एम-टू-एम (यंत्र ते यंत्र) सिम मिळतात, तेरा आकडी नंबराची. आणखी एक अडचण अशी की मोबाइल कंपन्या बहुधा एकाच इंटरनेट पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात, त्यामुळे बाहेरून यंत्राचा पत्ता टाकून त्याच्यापर्यंत जाता येत नाही. यंत्रानेच सर्व्हरला हाक मारून लाइन उघडी ठेवावी लागते. विकणाऱ्याला तेवढं एक विचारा. तो गोंधळला तर दुसरीकडे जा.

परदेशातून आलेली यंत्रं

लंडन, लिस्बनहून भाऊ-मेहुणे आणतात ती. वाय-फायची असतील तर बहुधा चालतात. युरोपातला लोरा सेन्सर ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो, पण सेटिंग बदलून कधीकधी आपल्या पट्ट्यात आणता येतो. अमेरिकेतला ९१५वाला मात्र इथे वापरू नये. तो पट्टा आपल्याकडे मोकळा नाही. झेड-वेव्ह या वायरलेस पद्धतीच्या कुलपांचंही तेच: पेटीवर भारतासाठीची ८६५.२ ही फ्रीक्वेन्सी छापलेली असेल तरच घ्या.

आमच्याकडे येताना

जागेचे चार फोटो आणा. विजेचं पॅनेल कुठे आहे ते कागदावर काढा, आणि तिथे उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज किती येते तेही लिहा. बागायतीचं काम असेल तर आम्ही आधी एक चाचणीचं यंत्र आठवडाभर तिथे ठेवतो आणि किती निरोप पोहोचले ते तुम्हाला दाखवतो. ही चाचणी शक्यतो पावसात करून घ्या. मार्चमध्ये सगळीच नेटवर्कं चांगली दिसतात.